तुटलेल्या स्टडचे बिल कोणाच्या नावावर?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा सरला की गॅरेजांमध्ये सायलेन्सर, मॅनिफोल्ड (इंजिनाचा धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणारा भाग) आणि हेड (इंजिनाचे वरचे झाकण) उतरवण्याची कामे वाढतात, आणि त्याबरोबर एक ठरलेले भांडणही सुरू होते. काम सायलेन्सरच्या पॅकिंगचे असते, स्टड (डोके नसलेला, दोन्ही टोकांना आटे असलेला बोल्ट) कटकन तुटतो आणि बिल चौपट होते. गाडीवाला म्हणतो, ‘धड गाडी आणून दिली होती, तुम्ही तोडलात.’ मिस्त्री म्हणतो, ‘गंजलेलाच होता, माझा काय दोष?’ दोघांचेही अर्धेच खरे असते. स्टड बहुतेक वेळा सोडवताना तुटतो, पण त्याची तजवीज मागच्या वेळी ज्याने तो आवळला त्याने करून ठेवलेली असते. गंज फक्त शेवटचा धक्का देतो.

स्टड ही एक अतिशय ताठ स्प्रिंगच समजा. नट आवळला की स्टड किंचित लांबतो आणि त्या ताणाने हेड ब्लॉकला (इंजिनाच्या मुख्य धडाला) किंवा मॅनिफोल्ड हेडला धरून राहतो. पान्यावर आपण जो जोर लावतो त्यातला जवळपास निम्मा नटाच्या तळाखालच्या घर्षणात जातो, ४० टक्क्यांच्या आसपास आट्यांच्या घर्षणात, आणि जेमतेम १० टक्के स्टड ताणण्याच्या कामी येतो. साहजिकच घर्षण थोडे जरी बदलले तरी ताण भलताच बदलतो, पान्यावरचा आकडा मात्र तोच दिसतो.

उदाहरण ८ एमएमच्या, ८.८ दर्जाच्या (हा ताकदीचा दर्जा) स्टडचे घेऊ. त्याला साधारण २५ न्यूटन मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) देतात. आटे कोरडे असतील तर एवढ्या टॉर्कला सुमारे १५,६०० न्यूटन ताण येतो, म्हणजे जवळजवळ १,६०० किलोचे वजन टांगल्यासारखे. त्याच आट्यांना इंजिन ऑइल लावले तर तो २०,८०० च्या घरात जातो. मॉलिब्डेनमचे ग्रीस चोपडून टॉर्क रेंचचा, म्हणजे ठरवलेल्या टॉर्कला आवाज देणाऱ्या पान्याचा, तोच २५ चा ‘क्लिक’ घेतला तर २६,०००. हा स्टड २३,४०० न्यूटनला कायमचा लांबायला लागतो, आणि आवळताना त्यावर पीळही पडत असल्याने प्रत्यक्षात त्याच्याही आधी. २९,३०० ला तो तुटतोच. म्हणजे टॉर्क रेंच वापरला, आकडाही बरोबर लावला, तरी स्टड जायबंदी झाला! म्हणून मॅन्युअलमध्ये आटे कोरडे ठेवायला सांगितले असतील तर कोरडेच, आणि ऑइल लावायला सांगितले असेल तर ऑइलच. कोरड्या आट्यांसाठी दिलेला आकडा असेल आणि तुम्हाला अँटी-सीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायचा लेप) लावायचेच असेल, तर टॉर्क किमान २० ते २५ टक्के खाली आणावा. अँटी-सीझ वाईट नाही, एक्झॉस्टला (धुराच्या वाटेवरच्या जोडांना) ते हवेच. फक्त ते लावून टॉर्क तोच ठेवणे वाईट.

हे झाले टॉर्क रेंच असणाऱ्यांचे. आपल्याकडे छोट्या गॅरेजात तो क्वचित दिसतो, आणि असला तर कपाटात. बाकी सगळे ‘हाताच्या अंदाजा’वर चालते. १० नंबरचा रिंग पाना साधारण १५ सेंटिमीटर लांब असतो. त्याच्या टोकाला १० किलोचा जोर, म्हणजे मनगटाचा साधा झटका, दिला की १५ न्यूटन मीटर होतात. त्या नटाखालच्या ६ एमएमच्या स्टडला हवे असतात १०, आणि निव्वळ पिळून तो तुटायलाही १५ च्या आसपासच पुरतात. अनुभवी हाताला १२ नंबरच्या वर अंदाज बरा येतो, १० आणि ८ नंबरला हात नेहमीच जास्त पडतो. पान्याला पाइप लावून ‘आणखी एक पाव फेरा’ घेण्याच्या सवयीबद्दल तर बोलायलाच नको.

मग येते हवेची गन. चाकाचे नट सोडवायला ती उत्तम. पण अर्ध्या इंची गन कित्येक शे न्यूटन मीटर देते आणि ज्या नटाला २५ पुरेत तिथे ती दाबून धरली की काय होते ते डोळ्यांना दिसत नाही. स्टड त्या दिवशी तुटत नाही. लांबतो, मान बारीक होते, आटे विसकटतात आणि गाडी रस्त्यावर जाते. दोन-तीन वर्षांनी दुसऱ्या गावात, दुसऱ्याच मिस्त्रीच्या हातात तो निखळतो आणि शिव्या खातो तो दुसरा.

आकड्यांच्या एककांचा घोळही वेगळाच. जुन्या मॅन्युअलमध्ये किलो-मीटर, नव्यात न्यूटन मीटर, परदेशी पान्यावर फूट-पाउंड. १ किलो-मीटर म्हणजे ९.८ न्यूटन मीटर आणि १ फूट-पाउंड म्हणजे १.३६. मॅन्युअलमधले १८ न्यूटन मीटर पान्याच्या फूट-पाउंडाच्या पट्टीवर लावले की टॉर्क थेट २४ च्या पुढे जातो. ६ एमएमच्या स्टडला एवढी चूक सहन होत नाही.

आता सोडवताना नेमके काय घडते ते. धडधाकट नट सोडवताना पान्याचा बराचसा जोर नटाच्या तळाखालीच खर्च होतो, स्टडच्या दांड्याला तो जाणवत नाही. नट एकदा जागचा हलला की पुढे हाताने फिरतो. पण आट्यांत गंज भरलेला असला (गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा व्यापतो, म्हणून तो आटे आतून आवळून धरतो) तर नटाचा तळ सुटतो, आटे सुटत नाहीत आणि पान्याचा सगळा जोर पीळ होऊन दांड्यात उतरतो. इथे हाताला एक खूण कळते. नट ‘टक्’ आवाज करून सुटला तर बहुधा ठीक. पण तो आवाज न करता मऊ, रबरासारखा पाव-अर्धा फेरा फिरला तर नट फिरलेला नाही, स्टड पिळला गेला आहे. त्या क्षणी थांबायचे. पाना काढून नटाच्या वर आलेल्या टोकावर खडूने रेघ मारा. नटाबरोबर टोकही फिरत असेल तर एक तर अख्खा स्टड बाहेर येतो आहे, ते चांगलेच, किंवा दांडा पिळतो आहे. स्टड वर सरकत नसेल तर दुसरे समजायचे. इथे थांबणारा मिस्त्री गाडीवाल्याचे पैसे वाचवतो.

सगळ्यात जास्त स्टड एक्झॉस्टला तुटतात, कारण तिथे चहूबाजूंनी मार असतो. पेट्रोल इंजिनाचा धूर पूर्ण भाराला ८०० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकतो. बीडाचा ५० सेंटिमीटर लांबीचा मॅनिफोल्ड ५०० अंशांनी तापला तर पावणेतीन मिलिमीटर लांबतो, आणि खालचे ॲल्युमिनियमचे हेड पाण्याने थंड राहत असल्याने मिलिमीटरभरही लांबत नाही. हा सुमारे दोन मिलिमीटरचा फरक दोन्ही टोकांना वाटला जातो. म्हणून मॅनिफोल्डची भोके स्टडपेक्षा मोठी, टोकाकडची लांबट ठेवलेली असतात, म्हणजे तो सरकू शकतो. नट बेताल आवळले, वॉशर भलतेच घातले किंवा भोकात काजळी-गंज साचला की सरकणे बंद. मग दर गरम-थंडीला टोकाचे स्टड वाकतात, पहिला आणि शेवटचा आधी जातो. टोकाचा स्टड वारंवार तुटत असेल तर नवा घालून उपयोग नाही. मॅनिफोल्ड उतरवून सरळ पट्टी आणि फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) फेस, म्हणजे जोडाचा सपाट पृष्ठभाग, तपासा. मॅन्युअलमधल्या मर्यादेपेक्षा वाक जास्त असेल तर आधी फेस मशिनवर सपाट मारून घ्या.

दुचाकींचे दुखणे साधे आहे. शंभर-सव्वाशे सीसीच्या बहुतेक गाड्यांत सायलेन्सरच्या तोंडाशी ६ एमएमचे दोन स्टड असतात आणि ते पुढच्या चाकाच्या चिखलपाण्याच्या अगदी समोर. स्टड पोलादाचा, हेड ॲल्युमिनियमचे. ओलावा मिळाला की या दोन धातूंमध्ये विजेच्या घटासारखी झीज सुरू होते आणि पांढरी भुकटी आट्यांत भरते. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर खाऱ्या हवेने ती आणखी लवकर होते. त्यात सर्व्हिसिंगच्या वेळी गरम इंजिनावर प्रेशरने पाणी मारायची फॅशन आली आहे. इंजिन थंड झाल्याशिवाय पाणी मारू नये, आणि धुतल्यावर गाडी दहा मिनिटे चालवून ते पाणी उडवावे.

सैल स्टडही तुटतो, हे पुष्कळांना पटत नाही. ताण पुरेसा असेल तर इंजिनाचे धक्के जोडाच्या पृष्ठभागांवर वाटले जातात. ताण कमी पडला की प्रत्येक धक्का स्टडवर येतो आणि तो थकून तुटतो, बहुधा आट्यांचा पहिला वेढा ज्या ठिकाणी भोकात शिरतो तिथे, कारण भाराचा तिसरा हिस्सा एकटा तोच वेढा उचलतो.

म्हणूनच तुटलेला तुकडा कचऱ्यात टाकू नये. भांडण मिटवायला तोच पुरावा आहे. तुटलेला चेहरा उजेडात, शक्यतो भिंगातून पाहा. बराच भाग काळा किंवा तपकिरी, त्यावर शिंपल्यासारख्या रेघा आणि एका कडेला छोटासा ताजा चकचकीत डाग असेल तर तडा फार दिवसांचा होता, आजच्या मिस्त्रीच्या हातून फक्त उरलेला तुकडा सुटला. तुटीजवळ मान बारीक झाली असेल आणि पिच गेज (आट्यांमधले अंतर तपासायची पट्टी) आट्यांत बसत नसेल तर कोणीतरी कधीतरी जास्त आवळला आहे. चेहरा सगळा ताजा, सपाट आणि भोवऱ्यासारखा फिरलेला असेल तर तो आज पिळून तुटला. तेव्हा प्रश्न एवढाच, की सोडवण्याआधी तेल, वेळ आणि उष्णता दिली होती का?

ती द्यायची कशी, तेही सांगतो. वायर ब्रशने बाहेरचे आटे साफ करा, कारण नटाला बाहेर पडताना त्यांच्यावरूनच जायचे असते. मुरणारे तेल आदल्या रात्री मारा, सकाळी पुन्हा मारा. रॉकेल किंवा डिझेल नुसते चोळून पाचव्या मिनिटाला पाना लावण्यात अर्थ नाही. नटावर, आणि स्टडच्या टोकावर, छोट्या हातोडीने हलके ठोके द्या. त्या हादऱ्याने गंज तडकतो आणि तेलाला वाट मिळते. सहा बाजूंचा गोटी पाना वापरा, बारा बाजूंचा नको, गंजलेल्या नटाचे कोपरे त्याने गोल होतात. आधी किंचित आवळण्याच्या दिशेने, मग सोडण्याच्या, असे हळूहळू मागेपुढे. तरीही हलला नाही तर उष्णता, पण ती नटाला. आधी तेल पुसून घ्या. पेट्रोलची नळी, रबर, वायरिंग बाजूला आणि आग विझवायचे साधन हाताशी हवे. ८ एमएमचा नट ६०० अंशांनी तापला तर त्याचे भोक सुमारे ०.०६ मिलिमीटर मोठे होते. स्टड गरम व्हायच्या आत पाना लावला तर तेवढी फट पुरते. ॲल्युमिनियमवर ज्योत रोखू नये. ते लाल होऊन इशारा देत नाही, शुद्ध असेल तर ६६० अंशांना आणि हेडचे मिश्रधातू असेल तर त्याच्याही आधी थेट वितळते, आणि त्याच्या कितीतरी आधी त्याचा कडकपणा जातो. स्पार्क प्लग मात्र नेहमी थंड इंजिनातूनच काढावा.

एवढे करूनही तुटला तर घाई सगळ्यात महाग पडते. पाच-सहा मिलिमीटर बाहेर असेल तर त्यावर नवा नट बसवून आतून वेल्ड करावा. वेल्डिंगच्या उष्णतेनेच निम्मे काम होते, आणि नट लाल उतरून कोमट झाला की तो फिरवून बघावा. बॅटरीचे टर्मिनल आणि ईसीयूचा (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचा) कनेक्टर आधी काढायचा, हे नव्या गाड्यांत विसरून चालत नाही. स्टड फेसच्या बरोबरीने तुटला असेल तर आधी त्याचा चेहरा कानसीने सपाट करा, बरोबर मध्ये सेंटर पंच मारा आणि गाइड बुश (ड्रिलला सरळ धरणारी नळी) लावूनच ड्रिल करा. तुटलेला चेहरा वेडावाकडा असतो, भोवतीचे ॲल्युमिनियम मऊ असते, त्यामुळे ड्रिल मऊ बाजूला पळते आणि भोक तिरपे होते. उलट्या फिरीचे ड्रिल मिळाले तर तेच घ्या, पुष्कळदा ड्रिल करतानाच तुकडा बाहेर येतो. ८ एमएमला आधी ३, मग ५.

ईझी-आउटबद्दल (तुटलेल्या स्टडला भोक पाडून त्यात उलटा फिरवत घालायचे, स्टड बाहेर ओढणारे हत्यार) एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. जो स्टड अख्खा असताना ८ एमएमच्या जाडीनिशी निघाला नाही, तो ४-५ एमएमच्या ईझी-आउटने निघेल अशी अपेक्षा ठेवून त्यावर जोर करू नये. ईझी-आउट कडक पाण्याचा असतो, आत तुटला की साधे ड्रिल त्याला चाटतही नाही. मग हेड उतरवून स्पार्क इरोजन मशिनवर (विजेच्या ठिणग्यांनी धातू खाणाऱ्या) नेणे आले, आणि गाडीवाल्याचे बिल खरे तिथे वाढते. त्यापेक्षा बरोबर मध्यावर ६.८ पर्यंत ड्रिल वाढवून उरलेले आट्यांचे वेटोळे टोच्याने काढावे आणि टॅप (आटे पाडायचे हत्यार) फिरवावा. आटे गेलेच असतील तर कॉइल इन्सर्ट, म्हणजे नवे आटे देणारी तारेची गुंडाळी. ८ एमएमच्या इन्सर्टला ८.३ किंवा ८.४ चे ड्रिल आणि त्याचाच खास टॅप लागतो, साधा १० एमएमचा नव्हे. नीट बसवलेला इन्सर्ट मूळच्या ॲल्युमिनियमच्या आट्यांपेक्षा टिकतो, तो ‘जुगाड’ समजू नये. जुगाड म्हणजे भोक मोठे करून मोठा बोल्ट ठोकणे किंवा आट्यांना एम-सील लावणे.

बसवताना भोक कोरडे आणि रिकामे हवे. बंद भोकात तेल किंवा पाणी राहिले तर स्टड आत जाताना ते दाबले जाते, टॉर्क रेंच ‘क्लिक’ देतो पण जोड आवळलेला नसतो, आणि प्रसंगी ब्लॉकच तडकतो. हवा मारताना डोळ्यांवर चष्मा घालावा. ॲल्युमिनियममध्ये स्टड त्याच्या जाडीच्या दीड ते दोन पट खोल जायला हवा. तो हाताने पूर्ण बसवा, तळाशी पान्याने दाबू नका. हेडचे नट मधून बाहेर, दोन-तीन टप्प्यांत आवळायचे आणि उघडताना बाहेरून मध्ये. नव्या गाड्यांत हेड बोल्टला टॉर्क आणि वर अंशांची फिरकी सांगितलेली असते. ते बोल्ट मुद्दाम लांबण्याच्या हद्दीपर्यंत नेलेले असतात. मॅन्युअल नवे घाला म्हणत असेल तर नवेच, लांबी मोजा म्हणत असेल तर व्हर्नियरने मोजून.

माल घेतानाही डोळे उघडे हवेत. बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ आणि बनवणाऱ्याची खूण असते, बऱ्याच स्टडच्या टोकावरही असते. बाजारात सुटे, बिनखुणेचे, चकचकीत झिंक केलेले स्टड किलोवर मिळतात. ते एक्झॉस्टला घालू नयेत. ‘जास्त कडक ते जास्त चांगले’ हेही खरे नाही. १२.९ दर्जाच्या मालाला प्लेटिंग करताना हायड्रोजन आत शिरतो आणि तो नीट भाजून काढला नसेल तर संध्याकाळी आवळलेला बोल्ट सकाळी हात न लावता तुटलेला सापडतो. दिसायला छान म्हणून स्टेनलेस घालणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे, की नेहमीचे ए२-७० स्टेनलेस ४५० मेगापास्कललाच लांबायला लागते, ८.८ चे पोलाद ६४० ला. शिवाय स्टेनलेसवर स्टेनलेस नट कोरडा फिरवला की दोन्ही एकजीव होतात, मग कापण्यावाचून इलाज नाही. एक्झॉस्टला पितळी किंवा तांब्याचा मुलामा दिलेला नट घालावा, तो पुढच्या वेळी सुटतो.

आता मूळ मुद्दा, पैशांचा. गॅरेजवाल्यांना सांगणे असे, की गाडी आत घेतानाच जॉब कार्डावर एक ओळ लिहा: एक्झॉस्ट स्टड गंजलेले, तुटू शकतात, तुटल्यास काढण्याची मजुरी एवढी. फोटो काढून ठेवा. आधी सांगितलेले पैसे गाडीवाला देतो, नंतर सांगितलेल्यांवर भांडतो. दोन टॉर्क रेंच घ्या, ५ ते २५ चा पाव इंची आणि ४० ते २०० चा अर्धा इंची, आणि मधल्या कामांना जमले तर तीन-अष्टमांशचा. २०० च्या पान्याने १० न्यूटन मीटर मोजता येत नाहीत. काम झाले की पान्याचा स्प्रिंग सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवा, त्याने नट सोडवू नका आणि वर्षातून एकदा किंवा ५,००० क्लिकनंतर तो तपासून घ्या. कोल्हापूर, पुणे, नाशिकसारख्या औद्योगिक गावांत तपासून देणाऱ्या प्रयोगशाळा आहेत.

गाडीवाल्यांनी बिलात ‘स्टड, नट, वॉशर नवे’ ही ओळ दिसली की हात आखडता घेऊ नये. सायलेन्सर उतरला आहे, जागा मोकळी आहे, तेव्हा जुने स्टड बदलायचा खर्च किरकोळ असतो. आणि आयटीआयच्या मोटार मेकॅनिक व डिझेल मेकॅनिक वर्गांना एक विनंती: टॉर्क रेंच कसा धरायचा हे शिकवता तसे एकदा ८ एमएमचा स्टड कोरडा, एकदा ऑइल लावून आणि एकदा ग्रीस लावून मुद्दाम तुटेपर्यंत आवळायला लावा, आणि प्रत्येक वेळी तो किती आकड्याला सुटला ते मुलांकडूनच लिहून घ्या. व्हाइसमध्ये पकडलेला जाड लोखंडी ठोकळा, नळीचा तुकडा, नट आणि तीन स्टड एवढ्यात हा तास होतो.

आपला,
एक मशिन शॉपवाला, कोल्हापूर